इंदूर खरंच किती हिंसक? एफआयआर, अहवाल आणि सकाळचं पान

रामबागकर (धागाकर्ता)

एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरो) वार्षिक अहवाल आला की आपल्या सगळ्या ग्रुपांवर दोन दिवस एकच कात्रण फिरतं: इंदूर कितवं आलं. मग पोलिसांचं तुलनात्मक पत्रक येतं, त्यात बहुतेक रकाने उतरलेले. आणि पोह्यांसोबत उघडलेल्या पेपराचं आतलं पान चाकूबाजीनं भरलेलं. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, पण म्हणून कोणी खोटं बोलतंय असंही नाही. मोजायच्या गोष्टीच वेगळ्या आहेत.

एनसीआरबी हिंसा मोजत नाही, एफआयआर मोजतं. वाट अशी: घटना घडली, थान्यात कोणी गेलं का, गेलं तर अदम चेक फाडला की कायमी (रीतसर गुन्हा नोंद, म्हणजे एफआयआर) झाली, कायमी झाली तर कुठल्या कलमात, मग सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकजाळ्यातून भोपाळचं राज्य ब्यूरो, तिथून दिल्ली. गळती होते ती पहिल्या तीन-चार पायऱ्यांवर. पुढचं सगळं बेरजेचं काम.

(अदम चेक हा आपल्या थान्यांतला जुना शब्द. अदखलपात्र तक्रार लिहून घ्यायची, फरियादीला प्रत द्यायची आणि कोर्टाचा रस्ता दाखवायचा. पूर्वी सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५५, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं १७४.)

एकच भांडण घ्या. पानाच्या टपरीसमोर दोघं भिडले.

कानाखाली बसली, ओठ फुटला. बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता) ११५(२), साधी दुखापत, अदखलपात्र. अदम चेक. दखलपात्र गुन्ह्यांच्या आकड्यात शून्य.

तोच ओठ, पण फरियादीनं ‘रस्त्यात आईवरून शिव्या दिल्या’ हे लिहवून घेतलं. आता २९६ लागलं, ते दखलपात्र. एक कलम दखलपात्र असलं की सगळं प्रकरणच दखलपात्र धरतात. एफआयआर झाली, आकड्यात एक. मारामारीच्या एफआयआरमध्ये २९६, ११५(२) आणि धमकीचं ३५१ हे त्रिकूट (जुनं २९४, ३२३, ५०६) इतकं हटकून का दिसतं, त्याचं कारण हे. घराच्या आत मारलं तर २९६ बसत नाही, कारण त्याला सार्वजनिक जागा लागते.

दात पडला किंवा हाड मोडलं तर ११७(२), गंभीर दुखापत. चाकू दंडाला चाटून गेला तर ११८(१), धोकादायक हत्यारानं दुखापत. तोच चाकू पोटात गेला तर १०९, खुनाचा प्रयत्न.

दंड आणि पोट यांच्यात वीतभर अंतर. ११८ की १०९ हे पहिल्या रात्री टीआय (थान्याचा प्रमुख निरीक्षक) ठरवतो, तेव्हा डॉक्टरांचा सविस्तर अहवाल आलेला नसतो. नंतर ‘धारा इजाफा’ होतो, म्हणजे वरचं कलम वाढवतात. वर्ष उलटून झाला तर मागच्या वर्षाचा छापील तक्ता आहे तसाच राहतो.

---

दप्तरखाना

उत्तम सुरुवात. दोन गोष्टी जोडतो.

एक, प्रमुख गुन्ह्याचा नियम. एका एफआयआरमध्ये पाच कलमं असली तरी एनसीआरबी सर्वांत जास्त शिक्षेच्या कलमाखाली एकदाच मोजतं. लूट करताना खून झाला तर तो खुनात गेला, लुटीच्या रकान्यात त्याची नोंद नाही. म्हणून ‘लूटमार घटली’ या वाक्याला फार चिकटू नये.

दोन, काउंटर केस. दोन्ही बाजूंना लागलंय म्हटल्यावर दोन्ही बाजूंच्या एफआयआर होतात. भांडण एक, आकडा दोन. उलट तिहेरी खून एका एफआयआरमध्ये आला तर प्रकरण एक, बळी तीन. अहवालात प्रकरणं आणि बळी हे वेगळे स्तंभ असतात, बातमीत सहसा पहिलाच उचलतात.

---

छत्रीबाग_४५२

दप्तरखाना, पाचजण असले तर? मग दरोडा ना?

---

दप्तरखाना

बरोबर, ते राहिलं. पाच किंवा जास्त असतील तर दरोडा. त्यात खून झाला तर जुनं ३९६, आता ३१०(३). त्याला दरोड्याखालीच ‘खुनासह दरोडा’ असा उपरकाना आहे. शहराचे खून जोडताना तो बघायचा राहून जातो. आकडा लहान असतो, पण ज्या वर्षी असतो त्या वर्षी बेरीज जुळत नाही.

---

जिरावण

हा सगळा कलमांचा खेळ झाला. डोळ्यांना दिसतं ते खरं. पाच वर्षांपूर्वी पेपरात एवढी चाकूबाजी होती का?

---

रामबागकर

जिरावण, प्रश्न चांगला आहे, पण ‘पेपरात होती का’ आणि ‘शहरात होती का’ हे दोन प्रश्न आहेत. पेपरवाल्यांचं गणित बातमीदारभाऊ सांगतील. मी आकड्यांचं पुरं करतो.

क्रमवारी. महानगरांच्या तक्त्यात १९ शहरं आहेत, २०११ च्या जनगणनेत २० लाखांवर लोकसंख्या असलेली. इंदूर नागरी क्षेत्र तेव्हा सुमारे २१.७ लाख होतं, म्हणून आत आलं. भोपाळ १८.८, बडोदं १८.२, ग्वाल्हेर ११ च्या आसपास, म्हणून बाहेर. ‘मध्य प्रदेशात इंदूर सर्वांत वर’ हे कात्रण या तक्त्यावरून काढलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. राज्यातलं दुसरं शहर त्यात आहेच कुठे?

आणि दर काढताना भागाकार अजून त्याच २०११ च्या डोक्यांनी होतो. समजा एखाद्या वर्षी ६० खून झाले (आकडा केवळ हिशेबापुरता). २१.७ लाखांनी भागलं तर लाखामागे २.८. शहर प्रत्यक्षात ३० लाखांचं असेल तर २.०. एकही चाकू न चालता दर ३८ टक्क्यांनी फुगला. जे शहर २०११ नंतर जास्त वाढलं ते या तक्त्यात जास्त वाईट दिसतं, आणि सुपर कॉरिडॉरपासून बायपासपर्यंत आपण किती वाढलो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हद्दीचंही तसंच. डिसेंबर २०२१ मध्ये आयुक्तालय झालं तेव्हा इंदूर शहर आणि इंदूर ग्रामीण पोलीस वेगळे झाले. महू, सांवेर, देपालपूर ग्रामीणमध्ये. रेल्वे पोलिसांचे गुन्हे तिसऱ्याच खात्यात. ‘इंदूर जिल्हा २०१९’ आणि ‘इंदूर २०२३’ शेजारी ठेवून टक्केवारी काढणारे महाभाग आहेत, त्यांना आधी विचारा की महू दोन्हींत आहे का.

---

बातमीदार_निवृत्त

पेपराची बाजू.

क्राइम बीटचा कच्चा माल तीन जागी मिळतो: कंट्रोल रूम आणि थान्यांची रोजची माहिती, एमवाय (महाराजा यशवंतराव) या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग व शवागार, आणि पोलिसांचा ‘खुलासा’, म्हणजे आरोपी पकडल्यावरची पत्रकार परिषद. तिसरा सर्वांत सोपा. फोटो तयार, प्रेसनोट तयार, कोट तयार. त्यामुळे उकललेला गुन्हा दोनदा छापला जातो आणि न उकललेला एकदाच.

एका खुनाच्या बातम्या मोजा. घटना, पोस्टमॉर्टेम आणि नातेवाइकांचा चक्काजाम, फरारी आरोपींवर इनाम, अटक, आरोपींचा जुलूस, घरावर बुलडोझर, चालान (कोर्टात आरोपपत्र), निकाल. आठ बातम्या, खून एक. महिनाभर पान भरतं आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात आठ खून जमा होतात.

पुढे, इंदूर आवृत्ती म्हणजे इंदूर शहर नव्हे. देवास, धार, खरगोन, खंडवा, उज्जैन सगळं त्यात येतं. मथळ्यात गावाचं नाव नसतं, डेटलाइन (बातमीच्या सुरुवातीचं ठिकाण) बारीक असते.

सर्वांत ठळक उदाहरण २०२५ चं मेघालयचं प्रकरण, हनिमूनला गेलेल्या नवऱ्याच्या खुनाचं. इंदूरचं जोडपं, पण घटना मेघालयात, गुन्हा मेघालयात नोंदला, तपास तिथल्या पोलिसांचा. एनसीआरबीच्या हिशेबात तो मेघालयचा एक. इंदूरच्या आकड्यात शून्य. आणि त्या उन्हाळ्यात इंदूरच्या पेपरात, चॅनेलवर, ओट्यांवर दुसरा विषय होता का? बाहेरगावच्या नातेवाइकांचे ‘तुमच्याकडे काय चाललंय’ असे फोन त्या शून्यासाठी आले.

निवडीबद्दलही बोलायला हवं. मृत व्यक्ती कोण, आरोपी कोण, वस्ती कुठली, सीसीटीव्ही फुटेज आहे का, या चार गोष्टींवर जागा ठरते. विजयनगरच्या टाउनशिपमधला खून पहिल्या पानावर, बांधकामावरच्या मजुराचा खून आत चार ओळी. फुटेज असेल तर साधी मारामारी चार दिवस चालते. जिरावण, पाच वर्षांपूर्वी प्रत्येक गल्लीत कॅमेरा आणि प्रत्येक खिशात क्लिप नव्हती. तुमचे डोळे चुकत नाहीत, त्यांना दाखवलं जाणारं वाढलंय.

---

जिरावण

मान्य, पण अर्धंच. मग वाढलंच नाही असंही म्हणता येणार नाही ना?

---

रामबागकर

नाही म्हणता येणार. म्हणूनच खून बघायचे. प्रेत लपवणं अवघड, पोस्टमॉर्टेम होतं, नातेवाईक गप्प बसत नाहीत. हिंसेच्या सगळ्या रकान्यांत टीआयच्या पेनाचा सर्वांत कमी हात खुनात असतो. दोन सावधगिऱ्या मात्र ठेवा.

बेवारस किंवा संशयास्पद मृतदेहाचा आधी मर्ग (अकस्मात मृत्यूची नोंद) कायम होतो (पूर्वी सीआरपीसी १७४, आता बीएनएसएस १९४). व्हिसेऱ्याचा अहवाल यायला महिने लागतात. तो खून ठरला तर एफआयआर तेव्हा, कदाचित पुढच्या वर्षी.

आणि लहान आकड्यांची उडी. साठाच्या घरातला आकडा कुठलंही कारण नसताना एका वर्षी ५०, दुसऱ्या वर्षी ७० होऊ शकतो. सांख्यिकीत साठाचं वर्गमूळ पावणेआठ, त्याची दुप्पट इकडेतिकडे ही नुसती लहर. ‘खून २५ टक्के वाढले’ हा मथळा ६० वरून ७५ ला लागतो, आणि एवढ्यावरून शहर बदललं म्हणणं घाईचं आहे. एका थान्याचे दोनाचे चार झाले तर ‘दुप्पट’ छापून येतं! पाच वर्षांची सरासरी घ्या, मग बोला.

मला स्वतःला खून आणि खुनाचा प्रयत्न यांचं प्रमाण बघायला आवडतं. खून स्थिर आणि ‘प्रयत्न’ अचानक निम्मे झाले, तर लोक सुधारले असं मी आधी मानणार नाही. पोटावरचे वार ११८ मध्ये जाताहेत का ते आधी बघेन.

---

नारायणबाग_ताई

एक मोठी खोट कोणी धरली नाही. अहवालातल्या ‘हिंसक गुन्ह्यां’मध्ये अपहरणही धरतात. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३ च्या आदेशानंतर १८ खालचं कोणीही हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो, पूर्वी ३६३, आता १३७(२). सतरा वर्षांची मुलगी रागानं मावशीकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी परतली, तरी कायमी झालेलीच राहते. नियम चांगला आहे, तो बदलू नये. पण ‘हिंसक गुन्हे वाढले’ या ओळीतून अपहरण वजा करून बघा, चित्र कितीतरी बदलतं.

दुसरी बाजू याच्या उलट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशात १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुठेही मदत मागितलेल्या फक्त १४ टक्के. आणि त्यातल्या बहुतेकींनी माहेरी किंवा शेजारी सांगितलं, थाना फार पुढची गोष्ट. शहरातली सर्वांत मोठी हिंसा या रकान्यात आहे आणि पेपर-अहवाल दोन्हींत ती जवळजवळ नाही.

म्हणून बायकांवरच्या गुन्ह्यांचा आकडा वाढला की लगेच कपाळावर हात मारू नका. २०१३ च्या दुरुस्तीनं गुन्हा न नोंदवणाऱ्या पोलिसालाच शिक्षा आली (तेव्हा १६६अ, आता बीएनएस १९९), त्याच नोव्हेंबरात ललिताकुमारी निकालानं दखलपात्र तक्रारीवर एफआयआर बंधनकारक केली. नोंद सोपी झाली की आकडा वर जातो. एनसीआरबी स्वतः अहवालात लिहितं की गुन्हे वाढणं आणि नोंदणी वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ते पान कात्रणात कधी येत नाही.

---

दप्तरखाना

ताई, अगदी. दिल्लीत २०१५ मध्ये वाहनचोरीची ई-एफआयआर सुरू झाली आणि चोरीचे आकडे एकदम चढले. चोर तेवढेच होते. कोची दराच्या यादीत वर आणि कोलकाता ‘सर्वांत सुरक्षित’, यातलं किती केरळातल्या सोप्या नोंदणीमुळे, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती यादी पुढे पाठवू नये.

---

लष्करवाला

ग्वाल्हेरहून. आमचं शहर १९ च्या तक्त्यात नाही, त्यामुळे लोक चंबळच्या जुन्या गोष्टी आणि हर्षफायरच्या (लग्नातला हवेतला गोळीबार) क्लिपांवरून अंदाज बांधतात. पण एनसीआरबीच्या साइटवर जिल्हावार तक्ते वेगळे असतात, तिथे ग्वाल्हेर सापडतं. एक फरक लक्षात ठेवा. आमच्याकडे परवान्याच्या बंदुका भरपूर. गोळीची जखम दवाखान्यातून पोलिसांकडे जातेच, तिचा अदम चेक कोणी फाडत नाही. चाकूची किंवा लाठीची जखम आपसांत मिटते. त्यामुळे बंदुकीचं शहर कागदावर जास्त हिंसक दिसतं.

---

दांडियाबाजार

बडोद्याची भर. गुजरातच्या आकड्यात ‘विशेष व स्थानिक कायदे’ हा स्तंभ प्रचंड असतो, कारण दारूबंदीच्या केसेस त्यात येतात. ‘एकूण गुन्हे’ घेऊन बडोदं-इंदूर तुलना केली तर तुम्ही बाटल्या मोजताय. शिवाय साखळी हिसकावण्याला गुजरातनं आयपीसीत ३७९अ असं वेगळं कलम आणलं होतं. तुमच्याकडे तेच कधी चोरीत, कधी लुटीत जायचं. १ जुलै २०२४ पासून बीएनएस ३०४ सगळीकडे सारखं, पण त्यामुळे आधीच्या वर्षांशी जोड तुटली.

---

रामबागकर

जोड तुटण्याचा आणखी एक सांधा: गंभीर दुखापतीची व्याख्या. आयपीसीत तीव्र वेदना किंवा रोजचं काम बंद, २० दिवस. बीएनएसमध्ये १५ दिवस. म्हणजे सतरा दिवस अंथरुणावर असलेला माणूस जून २०२४ मध्ये ‘साधा’, जुलैमध्ये ‘गंभीर’. २०२४ नंतरची ‘गंभीर दुखापत वाढली’ ही बातमी आली की हे आठवा.

उशीरही धरा. २०२३ चा अहवाल सप्टेंबर २०२५ च्या शेवटी आला. कात्रणातलं इंदूर पावणेदोन वर्षं जुनं असतं.

---

छत्रीबाग_४५२

पोलिसांच्या पत्रकात ‘आर्म्स अॅक्टच्या कारवाया वाढल्या, प्रतिबंधात्मक कारवाया वाढल्या, इतके जिलाबदर (तडीपार)’ असं असतं. ते चांगलं की वाईट समजायचं?

---

दप्तरखाना

दोन्ही नाही. ते पोलिसांच्या कामाचं माप आहे. चाकू जप्त करायला नाकाबंदी लावली की आर्म्स अॅक्टचा आकडा वर जाणारच. नवरात्रात, गणपतीत, निवडणुकीच्या आधी तो वर दिसतो. शहरातले चाकू त्यावरून मोजू नका.

---

नारायणबाग_ताई

मग आपल्या वॉर्डापुरतं कोणाला खरं चित्र हवं असेल तर काय करावं? नुसतं ‘आकडे फसवे’ म्हणून सोडून चालणार नाही.

---

रामबागकर

तीन कामं, ताई.

राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर एफआयआर दिसतात. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २४ तासांत अपलोड करायच्या असतात. जिल्हा, थाना, तारीख निवडा आणि तीन महिने फक्त १०३ (खून), १०९, ११७, ११८ मोजा. लैंगिक गुन्हे आणि पॉक्सोच्या एफआयआर तिथे टाकत नाहीत, त्यामुळे ही मोजणी त्यांच्याशिवाय आहे हे कागदावर लिहून ठेवा.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपये, आयुक्तालयाच्या लोक सूचना अधिकाऱ्याकडे, ३० दिवस. ‘गुन्हे का वाढले’ असं विचारू नका, ‘विश्लेषण करून द्यावं’ असंही नको, तेवढ्यावर नकार येतो. थान्याचं महिनावार अपराध पत्रक जसं तयार असतं तसं मागा: एफआयआर कलमवार, अदम चेकची संख्या, मर्गांची संख्या, खात्मा (पुराव्याअभावी बंद) आणि खारिजी (खोटी ठरून रद्द) किती. अदम चेकचा आकडा सर्वांत मोलाचा. एफआयआर घटल्या आणि अदम चेक तेवढेच वाढले, तर हिंसा कुठे गेली ते कळतं.

तिसरं, दवाखाना. वेल्समधल्या कार्डिफला जोनाथन शेफर्ड या शल्यविशारदानं दाखवून दिलं की अपघात विभागात येणाऱ्या मारहाणीच्या जखमींपैकी बरेच पोलिसांच्या वहीत नसतात. त्यावरून तिथे दवाखान्यानं नाव न देता जागा, वेळ आणि हत्यार एवढंच कळवायची पद्धत बसली. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचं एमएलसीचं (मेडिको-लीगल, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमांच्या केसेस) रजिस्टर.

---

बातमीदार_निवृत्त

एमएलसीचा अर्ज पोलिसांकडे नको. एमवाय हे महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, अर्ज तिकडच्या लोक सूचना अधिकाऱ्याकडे. नावं मागू नका, फेटाळतील आणि योग्यच आहे. फक्त संख्या, महिनावार: मारहाण, धारदार हत्यार, गोळी. अपघात वेगळे काढून मागा, नाहीतर बायपासवरचे ट्रक तुमच्या हिंसेत येतील.

आणि घटनास्थळाचा थाना हा रकाना मागायला विसरू नका. एमवायला धार, देवास, खरगोनपासून रेफर केलेले जखमी येतात. तो रकाना नसेल तर अर्ध्या माळव्याच्या मारामाऱ्या इंदूरच्या नावावर चढतील. खासगी दवाखान्यांत गेलेले यात नाहीतच, त्यामुळे विजयनगर-पलासियाकडचा आकडा कमी दिसेल. तो कमी धरूनच वाचा.

---

जिरावण

अदम चेकचा अर्ज मी टाकतो, अन्नपूर्णा आणि द्वारकापुरी दोन्ही थान्यांचा. पत्रकाचं नेमकं नाव काय लिहायचं?

---

दप्तरखाना

‘मासिक अपराध पत्रक’ लिहा, आणि खाली ‘किंवा थान्यात याच माहितीचं जे पत्रक ठेवलं जातं ते’ अशी ओळ टाका. नाव चुकलं म्हणून अर्ज परत येत नाही मग. जानेवारी २०२३ पासून मागा, म्हणजे बीएनएसच्या आधीचं दीड वर्ष हातात राहील.